उघडण्याआधी विचारा : आयपॉड, वॉकमन आणि एमपीथ्री प्लेअरची घरगुती दुरुस्ती

बंद पडलेल्या छोट्या यंत्रांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा मिक्सर आणि इस्त्रीची पत्रं जास्त येतील असं वाटलं होतं. आली ती खिशातल्या गाण्यांची. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

उत्तरांआधी एक सूचना, ती सगळ्यांनाच लागू आहे. ही यंत्रं मूळ बिघाडाने जितकी मरतात त्याहून जास्त उघडताना मरतात. रिबन केबलची (पट्टीसारख्या चपट्या वायरीची) कडी तुटते, बॅटरीला पेचकस लागतो, लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला जातो आणि थेट बोर्डात घुसतो. म्हणून जे बाहेरून तपासता येतं ते आधी बाहेरून तपासून संपवायचं, झाकणाला हात त्यानंतर.

प्रश्न : माझ्याकडे 2009 सालचा 160 जीबीचा आयपॉड क्लासिक आहे. काही वर्षं कपाटात पडून होता. आता चार्जिंगला लावला की सफरचंद दिसतं, आतून टिक-टिक आवाज येतो आणि तो बंद पडतो. कधी लाल फुली येते. बॅटरी बदलली तर चालेल का? आतली गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत.
– वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बॅटरी बदलावी लागेलच, पण तेवढ्याने भागेल असं दिसत नाही. टिकटिक हार्ड डिस्कची आहे. या आयपॉडमध्ये 1.8 इंची फिरती डिस्क असते आणि लाल फुलीचा अर्थ यंत्राला त्या डिस्कवरून काही वाचता आलं नाही. मात्र निदानाची घाई करू नका. थंड डिस्कला पहिल्यांदा फिरायला सर्वात जास्त करंट लागतो. म्हातारी बॅटरी नेमकी तिथे दम सोडते, डिस्क अर्धवट फिरून थांबते, पुन्हा प्रयत्न करते, आणि टिकटिक तशीच ऐकू येते. म्हणजे एकाच लक्षणामागे दोन कारणं असू शकतात.

त्यासाठी आधी तो 5 व्होल्टच्या यूएसबी चार्जरला चार तास लावून ठेवा. बॅटरी पार रिकामी असेल तर पहिला अर्धा तास पडद्यावर काहीच दिसणार नाही. त्याने घाबरून केबल काढू नका. नंतर होल्डचं बटण एकदा पुढे-मागे सरकवा आणि मेनू व मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून धरा. सफरचंद दिसताक्षणी बोटं उचलून मधलं आणि मागच्या गाण्याचं (डावीकडचं) बटण दाबून धरलंत की तपासणीचा पडदा उघडतो. तिथे मेनू दाबून हाताने तपासणी करण्याचा पर्याय घ्या. ‘आयओ’मध्ये ‘हार्डड्राइव्ह’ आणि त्यात ‘एचडी स्मार्ट डेटा’. इथे चक्र फिरवून काही होत नाही, पुढच्या-मागच्या गाण्याच्या बटणांनी सरकायचं. ‘रीअलॉक्स’ (खराब झाल्याने बदललेल्या जागा) आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ (वाचताना अडलेल्या जागा) हे दोन आकडे बघा. दोन्ही शून्य किंवा अगदी किरकोळ असतील तर संशय बॅटरीवर किंवा सैल झालेल्या रिबन केबलवर. शेकड्यांत असतील तर डिस्कचे दिवस भरले, आणि दर वेळी चालू करून बघणं म्हणजे उरलेली गाणी घालवणं.

गाणी वाचवण्याचं काम झाकण उघडण्याआधी करायचं. वरच्यासारखंच रीसेट करून मधलं आणि प्ले बटण धरलं की डिस्क मोड येतो आणि संगणकाला आयपॉड एका पेनड्राइव्हसारखा दिसतो. विंडोजमध्ये लपवलेले फोल्डर दाखवण्याचा पर्याय चालू करा. ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या फोल्डरात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ00, एफ01 असे क्रमांकाचे फोल्डर सापडतील. फाइलींची नावं चार अक्षरांची, निरर्थक वाटतील. घाबरू नका. गाण्याचं, गायकाचं आणि अल्बमचं नाव फाइलच्या आत टॅगमध्ये असतं. संगणकावरच्या कुठल्याही संगीत सॉफ्टवेअरने ती वाचली की यादी पुन्हा नीट लागते. एकदम सगळं ओढू नका, एकेक एफ फोल्डर घ्या. डिस्क मध्येच अडली तर तोपर्यंतचं तरी हातात राहतं. आणि आयट्यून्सने ‘पुसून सिंक करू का’ विचारलं तर ठाम नकार द्या. या एका प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हणून अनेकांची गाणी गेली आहेत.

आता उघडणं. क्लासिकची पुढची बाजू ॲल्युमिनियमची आणि मागची स्टीलची, दोन्ही आतल्या कड्यांनी घट्ट बसलेल्या. स्क्रू एकही दिसणार नाही. प्लॅस्टिकची पट्टी किंवा गिटारचं प्लेक्ट्रम इथे वाकतं, त्यामुळे पातळ पोलादी पुट्टी-पट्टी लागते, शक्यतो दोन. लांब बाजूच्या मध्यभागी एक घुसवायची, ती तशीच ठेवून दुसरीने शेजारची कडी सोडवायची. पट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत जाता कामा नये, आत बॅटरी आणि रिबन आहेत. मागच्या झाकणाची कडा थोडी वाकतेच. बंद करण्याआधी ती पक्कडने सरळ केली नाही तर शेवटी फट राहते आणि लोक ती दाबून बसवायला जातात.

फट पडली की झाकण ओढून काढू नका, पुस्तकासारखं हळू उघडा. बॅटरी मागच्या झाकणाला चिकटवलेली असते आणि तिची नारिंगी रिबन बोर्डाला गेलेली असते. ही रिबन ज्या कनेक्टरमध्ये असते त्याची तपकिरी कडी फक्त दोनेक मिलिमीटर वर उचलायची आहे. ती निघून हातात आली तर तुटली समजा, आणि मग त्या आयपॉडला नवीन बोर्डच लागतो. भिंग घ्या, भरपूर उजेड घ्या, कडीच्या एका टोकाखाली नख घाला, मग दुसऱ्या टोकाखाली. दुसरी रिबन हेडफोन आणि होल्ड बटणाची. ती डिस्कच्या खाली असते, डिस्क उचलल्यावरच दिसते.

बॅटरी काढताना तिच्याखाली धातूचं काहीही घालू नका. दात साफ करायचा फ्लॉस खालून करवतीसारखा ओढला की गोंद सुटतो. नाही सुटला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कडेने सोडून पाच मिनिटं थांबा. नवीन बॅटरी लावल्यावर झाकण मिटवण्याआधी चालू करून बघा, म्हणजे कड्या दोनदा उघडाव्या लागत नाहीत.

डिस्क गेलेली असेल तर तशीच जुनी डिस्क शोधू नका. वापरलेली डिस्क तितकीच थकलेली असणार. तिच्या जागी एसडी किंवा मायक्रोएसडी कार्ड घेणारा अ‍ॅडॅप्टर बसतो. वजन कमी होतं, बॅटरी जास्त टिकते, धक्क्याची भीती जाते. तुमच्या 2009 च्या मॉडेलला मोठं कार्ड चालतं. 2007 आणि 2008 च्या क्लासिकना मात्र 128 जीबीच्या पलीकडची जागा दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी 256 चं कार्ड म्हणजे वाया गेलेले पैसे. कार्ड घेतल्या घेतल्या संगणकावर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’सारख्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. बाजारात 128 लिहिलेली आणि आत 16 निघणारी कार्डं आहेत, आणि आयपॉड ती आनंदाने स्वीकारतो. गाणी अर्ध्यावर नाहीशी व्हायला लागली की मग कळतं. अ‍ॅडॅप्टर बसल्यावर संगणकाला जोडून ‘रीस्टोअर’ करा. कार्ड आधी वेगळं फॉरमॅट करायची गरज नसते. मोकळ्या झालेल्या जागेत जाड बॅटरी बसते, पण झाकण बोटाच्या दाबानेच मिटलं पाहिजे. दाबून बसवलेली बॅटरी हा पुढच्या प्रश्नाचा विषय आहे.

प्रश्न : साध्या छोट्या एमपीथ्री प्लेअरचं मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलंय. दाबलं की पुन्हा वर येतं. चालतो मात्र व्यवस्थित. झाकणाला फेविक्विक लावू का?
– वाचक, कोपरखैरणे

उत्तर : मुळीच नाही. झाकण सैल झालेलं नाही, आतली बॅटरी फुगली आहे. लिथियम पॉलिमर बॅटरी जुनी झाली, वारंवार पूर्ण उतरली किंवा कायम चार्जरला राहिली की आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो, आणि पाकीट मऊ असल्याने फुगतं. दाबून किंवा चिकटवून तो वायू कुठे जात नाही. आजपासून चार्जिंग बंद. चार्ज उरला असेल तर गाणी वाजवून तो संपवा आणि मगच उघडा. टाचणीने भोक पाडून ‘हवा काढणं’ हा उद्योग काहीजण सुचवतात. तो केला तर आग लागू शकते.

बॅटरी बाहेर आली की तिच्यावर पाच-सहा आकडी क्रमांक दिसेल. 402030 लिहिलं असेल तर जाडी 4.0, रुंदी 20 आणि लांबी 30 मिलिमीटर. याच मापाची, किंवा जाडीत थोडी कमी, 3.7 व्होल्टची बॅटरी घ्यायची, आणि तिच्या टोकाला पिवळ्या टेपखाली छोटा संरक्षक बोर्ड आहे याची खात्री करायची. तो बोर्ड जादा चार्ज, जादा उतार आणि शॉर्टपासून वाचवतो. स्वस्त बॅटरीत नेमका तोच गाळलेला असतो. जुनीला तीन वायरी असतील तर तिसरी तापमान मोजणारी आहे, तशीच तीन वायरींची बॅटरी शोधा.

जुन्या वायरी एकाच वेळी कात्रीत धरून कापू नका. कात्रीचं पातं दोन्हींना जोडतं आणि ठिणगी उडते. एक कापा, टोकावर टेप लावा, मग दुसरी. नवीन जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस मोजा, लाल-काळ्या रंगावर विसंबू नका. 3.6 ते 3.9 व्होल्टच्या आसपास मिळालं तर बॅटरी चांगली. 2.5 च्या खाली असेल तर दुकानदाराला परत करा.

फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली जाते. टोकांना टेप लावून, कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, घरातल्या पडद्या-गाद्यांपासून लांब ठेवा आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

प्रश्न : प्लेअरमध्ये हेडफोन लावला की तबला, पेटी ऐकू येते पण गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो किंवा येतच नाही. जुनी भावगीतं तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. फाइली खराब झाल्या का?
– वाचक, ऐरोली

उत्तर : फाइली ठणठणीत आहेत. हेडफोनच्या पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि बुंध्याचा भाग दोघांचा सामाईक ‘अर्थ’, म्हणजे अर्थिंगची परतीची वाट. तुमची ही अर्थची जोडणी तुटली आहे. ती तुटली की दोन्ही कान एकमेकांना जोडले जातात आणि तुम्हाला डावं वजा उजवं एवढंच ऐकू येतं. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो म्हणून वजाबाकीत उडतो, बाजूला ठेवलेली वाद्यं उरतात. जुनी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून सगळंच उडतं. तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या वाक्याने निदान पक्कं केलं.

क्रमाने जा. दुसरा हेडफोन लावून बघा, निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. माइकवाला मोबाइलचा हेडफोन काही जुन्या प्लेअरमध्ये असाच वागतो, कारण त्याच्या पिनेला तीनऐवजी चार भाग असतात आणि अर्थची जागा सरकते. तेव्हा पूर्ण आत बसलेली पिन केसभर बाहेर ओढून ऐका, आवाज आला तर हेच कारण. नंतर जॅकमध्ये उजेड टाकून बघा. खिशातल्या कापडाचा तंतू तळाशी दाबून बसलेला असतो, पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी टूथपिकने काढा. सेफ्टी पिन नको, आतल्या पत्र्या वाकतात.

एवढ्यानेही नसेल तर जॅक उघडून बघावा लागेल. पिन हलवल्यावर आवाज येतो-जातो तर जॅकच्या पायाचं सोल्डर तडकलेलं आहे. भिंगातून पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. त्यावर थोडं रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी राळ), 320 ते 350 अंशांवर तापलेलं सोल्डरिंग आयर्नचं टोक, दोन सेकंद, 0.8 मिलिमीटरची 60/40 सोल्डर तार. नळकाम करणारे वापरतात ती आम्लाची पेस्ट चुकूनही लावू नका, ती तांबं खात राहते. पिन हलवूनही काही फरक नसेल तर आतली पत्री झिजली आहे आणि जॅकच बदलायचा. त्याचे पाच पाय एकाच वेळी गरम करावे लागतात. सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम मोबाइल दुरुस्तीवाल्याला द्या. गरम हवेच्या गनने त्याचं पाच मिनिटांचं काम असतं, आणि तुमच्याकडून बोर्डवरची तांब्याची चकती उखडण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : वडिलांचा 1980 च्या दशकातला वॉकमन आहे. सेल घातले की मोटर फिरल्याचा आवाज येतो, कॅसेट जागची हलत नाही. मागच्या वर्षी हलत होती तेव्हा दोन कॅसेटची टेप गुंडाळून खाल्ली होती.
– वाचक, कळवा

उत्तर : पट्टा गेला. आधी सैल झाला, आता तुटला किंवा वितळला. टेप खाण्याचं कारणही तोच. कॅसेटमधली टेप कॅपस्टन नावाचा बारीक दांडा आणि त्याला चिकटलेला रबरी पिंच रोलर ओढतात, आणि ओढलेली टेप दुसरं चाक गोळा करतं. सैल पट्ट्यावर ते चाक घसरतं, कॅपस्टन मात्र ओढतच राहतो. टेपला जायला जागा नाही, ती कॅपस्टनभोवतीच गुंडाळते.

मागचे स्क्रू काढताना घाई केलीत तर इथेच अडाल. जपानी यंत्रांचे स्क्रू साध्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी प्रमाणाच्या मापाची असते. झिजलेल्या टोकाचा पेचकस त्यांची डोकी गोल करतो. नवं, चोख टोक घ्या आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर द्या. कागदावर वॉकमनची बाह्यरेखा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते.

आत पट्ट्याऐवजी काळा चिकट लगदा सापडला तर हातमोजे घाला. तो बोटांवरून कपड्यांवर आणि तिथून सोफ्यावर जातो. कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक पुलीची खाच स्वच्छ होईपर्यंत पुसा. कणभर लगदा राहिला तरी नवा पट्टा तिथे उडी मारतो आणि आवाज थरथरतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

जुना पट्टा नसल्याने माप कसं घ्यायचं? शिवणाचा दोरा पट्ट्याच्या वाटेने सगळ्या पुल्यांभोवती ताणून फिरवा, जिथे भेटतो तिथे खूण करा आणि सरळ करून मोजा. नवा पट्टा त्याहून पाच ते आठ टक्के आखूड हवा. दोरा 200 मिलिमीटर भरला तर 184 ते 190 परिघाचा पट्टा, म्हणजे साधारण 59 ते 60 मिलिमीटर व्यासाचा. दुकानात कुणी व्यास सांगतं, कुणी पट्टा चपटा धरून लांबी (ती परिघाच्या निम्मी), म्हणून तिन्ही आकडे लिहून न्या. जाडी बहुतेकदा एक-सव्वा मिलिमीटर, चौकोनी. ‘घट्ट असलेला बरा’ म्हणून फार आखूड घेऊ नका. मोटरवर ताण येतो, सेल लवकर संपतात आणि वेग डळमळतो. भाजीच्या जुडीचं रबरबँड दोन दिवस चालतं, पण ते लांबत जातं आणि त्याबरोबर गाणंही.

पट्टा बसल्यावर हेड, कॅपस्टन आणि पिंच रोलर पुसा. औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी असतं, त्यापेक्षा 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल चांगलं. रोलरवरचा तपकिरी थर निघून मॅट काळं रबर दिसलं पाहिजे. कॅपस्टनच्या मुळाशी शिवणयंत्राचं तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, रबरावर एक थेंबही जाऊ न देता. फवाऱ्याचं गंजनाशक तेल इथे नको.

वेगाची चाचणी महागड्या टेस्ट कॅसेटशिवाय जमते. ज्या गाण्याची नेमकी लांबी मोबाइलवर दिसते तेच कॅसेटवर वाजवून वेळ लावा. 300 सेकंदांचं गाणं 285 सेकंदांत संपलं तर वॉकमन साधारण पाच टक्के जास्त वेगात आहे. सहा टक्क्यांना जवळजवळ अर्धा सूर चढतो, म्हणजे पेटी घेऊन बसणाऱ्याला ते लगेच खटकेल. वेगाचा बारीक स्क्रू मोटरच्या मागच्या भोकात किंवा बोर्डावर असतो. मूळ जागा मार्करने खुणवा, मग केसभर फिरवा, थांबा, ऐका. हेडशेजारी स्प्रिंगवर बसलेला स्क्रू मात्र वेगाचा नाही, तो हेडचा कल ठरवतो. तो फिरवला की सगळ्याच कॅसेट दबक्या, बोथट वाजतात.

आणखी एक. सेलच्या खणात पांढरी-हिरवी भुकटी असेल तर ती आधी काढा, नाहीतर नवा पट्टा लावून मोटरला अपुरी वीज मिळेल. अल्कलाइन सेल गळले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेली काडी, साधे झिंकचे असतील तर खायच्या सोड्याचं पाणी. मग अल्कोहोलने पुसून कोरडं करा. पत्री काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरचे दोन हात.

प्रश्न : जुलैत ट्रान्स-हार्बर गाडीत शिरताना प्लेअर भिजला. लगेच तांदळाच्या डब्यात ठेवला. तीन दिवसांनी चालू झाला, आठवड्याने कायमचा बंद.
– वाचक, घणसोली

उत्तर : अपेक्षित क्रमानेच झालं. तांदूळ फारसं पाणी ओढून घेत नाही, आणि आपल्याकडे जुलैत डब्यातली हवाही दमटच असते. वर त्याची भुकटी जॅकमध्ये जाते. पाणी सुकलं तरी त्यातले क्षार बोर्डावर राहतात, आणि बॅटरी जोडलेली असताना ते तांबं खात जातात. ते आठवडाभर चाललेलं चालणं म्हणजे गंज चढत असण्याचा काळ.

अजूनही करून बघण्यासारखं आहे. उघडा, सर्वात आधी बॅटरी सोडवा. भिंगातून चार्जिंगचा सॉकेट, बॅटरीचे टाके आणि बटणांच्या खालचा भाग बघा. पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसेल तिथे 99 टक्के आयसोप्रोपिल ओतून मऊ जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, पुन्हा ओता. पडदा आणि स्पीकर भिजवू नका. मग पंख्याखाली एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात ताज्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. हेअर ड्रायरची गरम हवा पडद्याचा गोंद सोडवते. पुढच्या वेळी भिजला तर एकच नियम, ‘चालतो का’ म्हणून बटण दाबून बघायचं नाही.

प्रश्न : आईसाठी अभंग भरून दिलेत. फाइलींना 01, 02 असे क्रमांक दिले, तरी प्लेअर उलटसुलट वाजवतो. शिवाय नवीन 64 जीबीचं कार्ड तो वाचतच नाही, जुनं 8 चं वाचतो.
– वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : दोन्हीत बिघाड नाही. स्वस्त प्लेअर नावाने क्रम लावत नाहीत. कार्डाच्या यादीत फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. सगळ्या एकदम निवडून कॉपी केल्या की संगणक वाटेल तो क्रम लिहितो. कार्ड फॉरमॅट करून एकेक फाइल क्रमाने टाका, किंवा ‘फॅट सॉर्टर’ प्रकारचा प्रोग्रॅम ती यादी नावानुसार पुन्हा लिहून देतो. 64 चं कार्ड कारखान्यातून एक्सफॅट नावाच्या, फाइली मांडण्याच्या पद्धतीने येतं आणि जुन्या प्लेअरला फक्त फॅट32 कळतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्याय बहुधा दिसत नाही, वेगळा फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम घ्या. काही प्लेअरना मात्र 32 च्या वरचं कार्ड कसंही चालत नाही. आईला अभंगच ऐकायचे असतील तर 8 चं कार्ड भरपूर झालं.

प्रश्न : जुनी गाणी आधीच भरलेला, रेडिओसारखा दिसणारा प्लेअर चार्जच होत नाही. केबल एका कोनात धरली तरच दिवा लागतो.
– वाचक, खारघर

उत्तर : मायक्रो यूएसबीचा सॉकेट बोर्डावरून उचलला गेला आहे. आधी दुसरी, आखूड केबल लावून बघा. टोक झिजलेली केबलही असंच करते. तरी तसंच असेल तर कोनात धरून चार्ज करणं आज बंद करा. दर वेळी सॉकेटची चकती आणखी सुटते आणि ती पूर्ण फाटली की दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा. सॉकेटच्या बाजूचे धातूचे पाय तडकलेले दिसतील. त्यांना फ्लक्स लावून पुन्हा सोल्डर केलं तर बहुतेकदा पाच पिनाही जागेवर बसतात. मोजायचं असेल तर पहिली आणि पाचवी पिन, केबल लावल्यावर 5 व्होल्ट. तिथे 5 आहेत आणि तरी बॅटरीचा व्होल्टेज अर्ध्या तासात जरासुद्धा वाढत नाही, तर दोष बॅटरीत किंवा चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपमध्ये (आयसीत).

टाइप-सी सॉकेटचे स्वस्त प्लेअर असलेल्यांसाठीही हे सांगायला हवं. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्ज होत नाहीत, कारण चार्जरला ओळख देणारे 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर आत बसवलेलेच नसतात. जुन्या चौकोनी यूएसबीतून निघणाऱ्या केबलने लगेच होतात. असे कितीतरी चांगले प्लेअर ‘बंद’ म्हणून टाकले जातात.

प्रश्न : हे सामान मिळेल कुठे, आणि सुरुवातीला काय काय घ्यावं?
– वाचक, नेरूळ

उत्तर : फार काही नाही. शून्य आणि दोनशून्य मापाचे चोख पेचकस, वाकड्या टोकाचा चिमटा, प्लॅस्टिकच्या उघडण्याच्या पट्ट्या, भिंग, साधा डिजिटल मल्टिमीटर, 99 टक्के आयसोप्रोपिलची बाटली, कापसाच्या काड्या. सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा चालतो, पण तापमान ठरवता येणारा घेतलात तर बोर्ड कमी जळतील. मल्टिमीटरवर काटकसर करा, चिमट्यावर करू नका.

बॅटरी, जॅक, यूएसबी सॉकेट असं नेहमीचं सामान ठाणे स्टेशनच्या आसपास आणि वाशीतल्या मोबाइल पार्टच्या दुकानांत मिळून जातं. जुनं काही हवं असेल, विशेषतः पट्टे, तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ठाण्याहून दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने ग्रँट रोड, आणि पूर्वेला बाहेर पडायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. फोनमधला फोटो दाखवण्यापेक्षा जुना भाग सोबत न्या, नाहीतर जॅकचे पाय अर्धा मिलिमीटरने चुकतात आणि दुसरी फेरी पडते. अ‍ॅडॅप्टरसारखं आयपॉडचं खास सामान मात्र ऑनलाइनच मागवावं लागतं. सुटी लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्याने ती परदेशातून मागवण्याऐवजी देशातल्याच विक्रेत्याकडून घ्या, आणि पार्सल उघडल्यावर पाकीट जराही फुगीर वाटलं तर न लावता परत करा.